गावाच्या झोळीतली शाळा

अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथल्या शाळेचं नावच ‘प्रश्नचिन्ह’ आहे. फासेपारधी समाजातल्या मतीन भोसले यांनी जिल्हा परिषदेची शिक्षकाची नोकरी सोडून २०१२ च्या सुमारास ती सुरू केली. स्टेशनवर, सिग्नलवर भीक मागणारी पोरं वर्गात आणायची, तर ताटही वाढायला हवं. त्यासाठी गुरुजींनी स्वतःच लोकांपुढे हात पसरले.

१८७१ च्या ब्रिटिश कायद्यानं पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय मात्र गावागावांत तसाच राहिला. म्हणून या शाळेला कोणी पायलीभर ज्वारी दिली, तरी मला ती मोठी वाटते. देणाऱ्याला आधी आपल्या मनातली भीती उतरवावी लागते. पुढे २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात शाळेचं ग्रंथालय आणि काही खोल्या पाडल्या गेल्या.

शिक्षणासाठी मदतीचा विचार इथं नवा नाही. याच जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये गाडगेबाबा जन्मले. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी सांगणाऱ्या त्यांच्या दशसूत्रीत गरीब मुलामुलींच्या शिक्षणाला मदत हेही एक कलम आहे.

आपल्या गावात अशा मदतीची सुरुवात कुठून करायची? शिक्षणहक्क कायद्यानं (२००९) सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती सक्तीची केली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अमरावती असो की अकोला, या समितीच्या पुढच्या बैठकीला जाऊन बसा.