वार म्हातारी होते तेव्हा

नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘प्लासेंटा ग्रेड ३’ असे दिसले की घरात कुजबुज सुरू होते: वार पिकली म्हणे, आता बाळाचे काय? या प्रश्नाचे उत्तर वारेच्या घडणीतच आहे.

वार हा नऊ महिन्यांच्या बोलीवर तयार होणारा अवयव. घर आपण शाकारतो, डागडुजी करतो. मांडव कोणी शाकारत नाही, कार्य उरकेपर्यंत टिकला की झाले. दिवस भरताना वारेचे वजन साधारण अर्धा किलो असते. तिच्यात झाडाच्या मुळांसारखे असंख्य अंकुर असतात आणि ते आईच्या रक्तात बुडालेले असतात. अंकुरांच्या आत बाळाचे रक्त फिरते. दोन्ही रक्ते एकमेकांत मिसळत नाहीत. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू आणि अन्न बाळाकडे जाते, टाकाऊ द्रव्ये आईकडे येतात.

म्हातारपण गाठते ते या पडद्याला. त्याच्या बाहेरच्या थरात पेशी सुट्या नसतात. एकमेकींत विरघळून त्यांचे एकसंध अस्तर झालेले असते. हे अस्तर स्वतः विभागून नवे होऊ शकत नाही. खालच्या थरातल्या पेशी त्यात भर घालतात, तेवढीच डागडुजी. काम मात्र दिवसरात्र चालते. प्राणवायू वापरताना त्याचे काही उपद्रवी रेणू तयार होतात आणि ते पेशीतली चरबी व डीएनए यांना इजा करतात. खराब झालेला माल मोडीत काढणारी यंत्रणा पेशीत असते. ती थकली की कचरा साचतो.

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठात रॉजर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी नेमक्या याच खुणा शोधल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन प्रकारच्या वारा होत्या: वेळेवर झालेल्या बाळंतपणातल्या, ४१ आठवडे उलटल्यानंतरच्या आणि बाळ पोटातच दगावले होते अशा. डीएनए व चरबीची इजा आणि मोडीच्या यंत्रणेतला बिघाड दुसऱ्या व तिसऱ्या गटांत सारखाच ठळक दिसला. म्हणजे काही वारा वेळेआधीच म्हातारपणाकडे झुकत असाव्यात. अर्थात, खुणा एकत्र सापडल्या म्हणून त्याच मृत्यूचे कारण ठरत नाहीत. बाळ गेल्यानंतरही वार काही काळ गर्भाशयात राहते, तेव्हा काही खुणा नंतरच्याही असू शकतात.

इथे दोन गैरसमज टाळायला हवेत. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांचा वारेच्या म्हातारपणाशी फारसा संबंध नाही. त्यांतल्या सुमारे निम्म्यांच्या मुळाशी गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. दुसरा गैरसमज त्या ‘ग्रेड’चा. ० ते ३ ही प्रतवारी १९७९ मध्ये ग्रॅनम या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह मांडली. ती सोनोग्राफीत वार कशी दिसते, कॅल्शियम कुठे साचले आहे, एवढेच सांगते. दिवस भरत आल्यावर ग्रेड ३ दिसणे नेहमीचे आहे. ती फार लवकर दिसली, किंवा सोबत बाळाची वाढ खुंटली, गर्भजल कमी झाले, आईचा रक्तदाब वाढला, तर मात्र डॉक्टर बारकाईने लक्ष ठेवतात.

दिवस उलटू लागले की वारेची शिल्लक ताकद कमी होत जाते आणि बाळाला धोका वाढतो. म्हणूनच ४१ आठवडे पूर्ण झाले की कळा सुरू करण्याचे औषध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. ‘पहिलटकरीण आहे, आठ-दहा दिवस इकडेतिकडे होणारच’ असे म्हणत घरी बसून राहू नये.

वार आतून किती थकली आहे हे सांगणारी सोपी तपासणी अजून रोजच्या वापरात नाही. पण बाळ स्वतः खूण देते. रोजच्यापेक्षा त्याची हालचाल कमी जाणवली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा. तिथे ठोके तपासून ‘सगळे ठीक आहे’ असे ऐकून परत आलात, तरी ती खेप वाया गेली असे समजू नका.