‘हो’चं ‘उणे एक’ होतं तेव्हा

जीसीसी कंपायलरची १५वी आवृत्ती एप्रिल २०२५मध्ये आली. तिने सी भाषेचं सी-२३ हेच गृहीत प्रमाण धरलं आणि कितीतरी जुने प्रोग्रॅम कंपाइल होईनासे झाले. त्यामागचं एक ठळक कारण म्हणजे ‘बूल’ हा आता भाषेचा राखीव शब्द आहे. वर्षानुवर्षं टाइपडेफ करून इंट किंवा कॅरलाच ‘बूल’ म्हणणाऱ्या फाइलींवर कंपायलर अडून बसतो. चालत्या कोडला हात लावायला लागला की चिडचिड होणारच, पण माझ्या मते ही इष्टापत्ती आहे. हे घरगुती बूल नावापुरतेच बूल होते. कॅरवर बेतलेल्या बूलमध्ये २५६ टाकले तर सर्वसाधारण यंत्रावर शून्य उरतं, म्हणजे ‘हो’चं गुपचूप ‘नाही’ होतं. सी-९९पासून भाषेत असलेला खरा बूल शून्य सोडून काहीही आलं तरी १च साठवतो.

स्ट्रक्चरमध्ये बिटफील्ड आलं की हा फरक जास्तच बोचतो. समजा, एखाद्या रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट तपासायला आपण १२८शी ‘अँड’ केला. बिट लागलेला असेल तर उत्तर १२८ येतं. ते अनसाइन्ड इंटच्या एका बिटाच्या फील्डमध्ये ठेवलं तर फक्त तळाचा बिट उरतो, म्हणजे शून्य. साध्या इंटचं एका बिटाचं फील्ड तर त्याहून घातक. ते साइन्ड की अनसाइन्ड, हे प्रमाणाने कंपायलरवर सोडलं आहे, आणि जीसीसी ते साइन्ड धरतो. असलेला एकुलता एक बिट चिन्हातच खर्ची पडतो, त्यामुळे किमती दोनच: ० आणि उणे १. त्यात १ ठेवून लगेच ‘हे १ आहे का?’ विचारलं तर उत्तर ‘नाही’! नुसत्या ‘इफ’ने तपासलं तर सगळं सुरळीत दिसतं, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. क्लँग या कंपायलरच्या २०२३मधल्या १६व्या आवृत्तीपासून यावर इशारा मिळतो. फील्डचा प्रकार बूल लिहिला, तर जागा तेवढीच एक बिट लागते आणि १२८चेही १ होतात.

मग हो-नाही सांगणारे सगळे झेंडे (फ्लॅग) एकेका बिटात कोंबावेत का? नाही, कारण बिटाला शेजार असतो. २०१२मध्ये लिनक्सच्या बीटीआरएफएस या फाइलसिस्टीममध्ये एक लॉक आणि त्याला लागून ‘फुल’ नावाचं एका बिटाचं फील्ड होतं. इटॅनियम प्रोसेसरवर जीसीसी तो एक बिट बदलण्यासाठी ६४ बिटांचा अख्खा शब्द वाचून परत लिहायचा. मधल्या क्षणात दुसऱ्या प्रोसेसरने लॉक बदललं असेल, तर त्यावर जुनी किंमत पुन्हा चढायची. सी-११ने स्ट्रक्चरच्या साध्या सदस्यांना स्वतंत्र स्मृतिस्थान मानून असा धक्का निषिद्ध ठरवला. लागून असलेली बिटफील्डं मात्र आजही मिळून एकच स्थान मानली जातात. दोन थ्रेडनी लॉकशिवाय दोन शेजारी झेंडे लिहिले, तर एकाचं लिखाण हरवू शकतं. पूर्ण बूलला हा धोका नाही.

जागा वाचते, हा आक्षेप खरा आहे. लाखो प्रती असणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये बिटफील्डं हवीतच. लिनक्स कर्नेलची शैली-नियमावलीही आकार महत्त्वाचा असेल तिथे बूल टाळायला सांगते. पण ज्याची एकच प्रत आहे अशा सेटिंगांच्या स्ट्रक्चरमध्ये मोजके बाइट वाचवून काय साधणार? उलट बिटफील्डचा पत्ताही घेता येत नाही. दुसरा आक्षेप असा की प्रत्येक यंत्रावर मांडणी ठरलेलीच असते. ठरलेली असते, पण सगळीकडे सारखी नसते. लिनक्समधलं आयपी हेडरचं स्ट्रक्चर पाहा: आवृत्ती आणि हेडरची लांबी ही चार-चार बिटांची फील्डं लिटल एंडियन आणि बिग एंडियनसाठी उलट क्रमाने, दोनदा लिहावी लागली आहेत. म्हणून प्रोग्रॅमबाहेर जाणारा डेटा शिफ्ट आणि मास्कनेच रचावा. जीसीसी १५वर जाताना जुनी टाइपडेफ काढणारच आहात, तर त्याच फेरीत इंटची एका बिटाची फील्डंही शोधून बूल करून टाका.