चेटकामागचा हिशेब

मध्ययुगाच्या अखेरीस राजघराण्यांतल्या स्त्रियांवर चेटकाचे आरोप झाले, की 'काळच अंधश्रद्धेचा होता' एवढं म्हणून आपले अभ्यासक मोकळे होतात. मला हे कधीच पटलेलं नाही. अंधश्रद्धा गावोगाव होती. मग बोट नेमकं राजाच्या सावत्र आईकडे, वारसाच्या बायकोकडे आणि राणीच्या आईकडेच का जावं? असा आरोप खजिन्याच्या वह्या शेजारी ठेवूनच वाचावा, हा माझा जुना आग्रह आहे.

फ्रान्सचं थोडक्यात उरकतो. आर्त्वाची माओ १३१७ मध्ये निर्दोष सुटली. वेडाचे झटके येणाऱ्या सहाव्या चार्ल्सवर करणी केल्याच्या कुजबुजीपायी व्हॅलेंटिना व्हिस्कोन्तीला १३९६ मध्ये दरबार सोडावा लागला.

इंग्लंडात वह्या बोलतात. चौथ्या हेन्रीची विधवा जोन हिला वर्षाला १०,००० मार्कांची नेमणूक होती. पाचव्या हेन्रीला फ्रान्सच्या मोहिमेसाठी पैसा हवा होता. १४१९ मध्ये तिनं राजावर जारणमारण केल्याचा आरोप झाला, उत्पन्न जप्त झालं, पण खटला कधीच उभा राहिला नाही. मरणाच्या थोडं आधी, जुलै १४२२ मध्ये, त्याच राजानं सगळं परत करण्याचा हुकूम दिला.

एलिनॉर कॉबमचं प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. नवरा ग्लॉस्टरचा ड्यूक हम्फ्री, गादीचा पुढचा वारस. राजाची पत्रिका मांडून त्याचं मरण पाहिलं, हा १४४१ मधला ठपका. मूल व्हावं म्हणून मार्जरी जूर्दमेन नावाच्या बाईकडून औषधं घेतल्याचं एलिनॉरनं कबूल केलं. तिला लंडनच्या रस्त्यांतून मेणबत्ती हाती घेऊन चालवलं, लग्न मोडलं आणि जन्मभर कैदेत ठेवलं. हम्फ्रीचं वजन तिथंच संपलं.

पण माझी खरी ओढ राणीच्या आईकडे, जॅक्वेटाकडे. ऑगस्ट १४६९ मध्ये वॉरिकच्या अर्लनं तिच्या नवऱ्याला आणि एका मुलाला ठार केलं. पाठोपाठ टॉमस वेक नावाचा माणूस बोटभर लांबीची शिशाची बाहुली घेऊन पुढे आला. शिपायाच्या रूपातली, मध्ये मोडलेली, तारेनं बांधलेली. राजा-राणीच्याही बाहुल्या होत्या असं चर्चच्या कारकुनानं, जॉन डॉन्जरनं, सांगावं अशी वेकची इच्छा होती. डॉन्जरनं नकार दिला. जॅक्वेटानं लंडनच्या नगराध्यक्षांकडे दाद मागितली. १४६१ मध्ये शहर लुटीतून वाचवण्यासाठी तिनं केलेली रदबदली शहर विसरलं नव्हतं. ते तिच्या पाठीशी उभं राहिलं. १४७० च्या सुरुवातीला राजमंडळानं तिला निर्दोष ठरवलं, आणि या बाईनं तो निर्णय दप्तरी नोंदवून घेतला. तिच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १४८४ मध्ये, तिच्या नातवांचा गादीवरचा हक्क नाकारताना पार्लमेंटनं तोच आरोप पुन्हा उकरला.

आज कादंबऱ्या आणि मालिका जॅक्वेटाला खरीच मांत्रिक बनवतात, नि आमचे तरुण लेखक त्यालाच स्त्रीशक्ती म्हणतात. याचा मला मनापासून राग येतो. जी बाई साक्षी-पुराव्यानं लढून जिंकली, तिच्या हाती पुन्हा वेकचीच बाहुली द्यायची?

इंग्लंडातल्या या तिघींची उत्पन्नं, लग्नं, अब्रू पणाला लागली; जीव वाचले. मार्जरीला ना नेमणूक होती, ना तिच्यासाठी शब्द टाकणारं शहर. २७ ऑक्टोबर १४४१ रोजी स्मिथफील्डला जिवंत जाळलं ते तिला.