सीआयडी: ‘दया, दरवाजा तोड दो’ म्हणणारे एसीपी नगर जिल्ह्यात का भेटत नाहीत?

दरवाजा तुटण्यापासून फाशीच्या घोषणेपर्यंत, पडद्यावर तासाभरात संपणारा तपास प्रत्यक्षात कसा चालतो? मालिका कोणी घडवली आणि तिचं नगरशी नातं काय? समजून घेऊया.

एप्रिल २०२५ मध्ये सोनी टीव्हीवरच्या ‘सीआयडी’ मालिकेत एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू दाखवला गेला. वाहिनीने समाजमाध्यमांवर श्रद्धांजलीसारखी पोस्ट टाकली आणि अनेकांना क्षणभर अभिनेते शिवाजी साटम यांचीच काळजी वाटली. पुढे काही आठवड्यांतच एसीपी मालिकेत परतले. एका काल्पनिक अधिकाऱ्याच्या मरणाची बातमी व्हावी, एवढी या मालिकेची घराघरांत ओळख आहे.

पोलीस तपास म्हणजे काय, हे अनेकांना याच मालिकेतून कळलं. अडचण अशी, की त्यातल्या बऱ्याच गोष्टी कायद्यात बसत नाहीत. एकदा पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली, की हा फरक महागात पडू शकतो.

मालिका कधी सुरू झाली?

‘सीआयडी’चा पहिला भाग २१ जानेवारी १९९८ रोजी प्रसारित झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये मालिका थांबली, तेव्हा दीड हजारांहून अधिक भाग झाले होते. डिसेंबर २०२४ मध्ये ती सोनीवर पुन्हा सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५ पासून नेटफ्लिक्सवरही दिसू लागली. ज्यांनी शाळेत असताना ती पाहिली, त्यांची मुलं आता मोबाइलवर पाहत आहेत.

तिच्यामागे कोण आहेत?

मालिकेचे निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकले आणि १९७३ मध्ये मुंबई दूरदर्शनवर वृत्तविभागात कॅमेरामन म्हणून रुजू झाले. बातमी जिथे घडते तिथे कॅमेरा घेऊन जायचं, हे त्यांचं सुरुवातीचं काम. कॅमेऱ्यावरची ही पकड पुढे कामी आली. ७ नोव्हेंबर २००४ रोजी ‘सीआयडी’चा १११ मिनिटांचा भाग प्रसारित झाला. तो एकाच सलग शॉटमध्ये, मध्ये एकही ‘कट’ न घेता चित्रित केला होता. त्याची नोंद विक्रम म्हणून झाली.

मालिकेची मुळं मात्र मराठीत सापडतात. ‘सीआयडी’च्या आधी बी. पी. सिंग यांनी मुंबई दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीस मालिका केली होती. पोलीस नियंत्रण कक्षाचा तेव्हाचा क्रमांक १००, तेच मालिकेचं नाव. त्यात शिवाजी साटम आणि दीपक शिर्के होते. म्हणजे एसीपी प्रद्युम्न होण्याच्या कितीतरी आधी साटम मराठी प्रेक्षकांसाठी पोलीस झाले होते.

साटम मूळचे बँकेतले. सेंट्रल बँकेत रोखपालाची नोकरी करता करता आंतरबँक नाट्यस्पर्धांतून ते रंगभूमीवर आले. ‘दया’ म्हणजे दयानंद शेट्टी हे थाळीफेकीचे खेळाडू. ‘अभिजीत’ म्हणजे आदित्य श्रीवास्तव हे ‘सत्या’ चित्रपटातले इन्स्पेक्टर खांडिलकर. सुरुवातीच्या काही भागांत इन्स्पेक्टर वीरेंद्रच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर होते. पुढे ‘लगान’ करणारे तेच. ‘फ्रेडरिक्स’ साकारणारे दिनेश फडणीस यांनी मालिकेतल्या काही भागांचं लेखनही केलं. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं.

नगरशी काय नातं?

‘सीआयडी’ची निर्मिती करणाऱ्या फायरवर्क्स प्रॉडक्शन्समध्ये बी. पी. सिंग यांचे भागीदार होते प्रदीप उप्पूर. २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं. याच उप्पूर यांनी मनमोहन शेट्टी यांच्यासह १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ची निर्मिती केली होती. हिंदीतल्या सर्वांत महत्त्वाच्या पोलीसपटांपैकी हा एक. श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही मराठी कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि गोविंद निहलानींचं दिग्दर्शन.

त्यातला रामा शेट्टी आठवतो? तो साकारणारे सदाशिव अमरापूरकर नगरचे. ‘हँड्स अप’ या मराठी नाटकातलं त्यांचं काम पाहून निहलानींनी त्यांना निवडलं. पहिल्याच मोठ्या हिंदी भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं.

दोन्ही कलाकृतींमागे एक निर्माता समान असला, तरी पोलिसाकडे पाहण्याची नजर अगदी वेगळी आहे. ‘अर्धसत्य’मध्ये सबइन्स्पेक्टर वेलणकरच्या मारहाणीत कोठडीतला एक आरोपी मरतो आणि तिथून वेलणकरचीच घसरण होते. ‘सीआयडी’त दयाची एक थप्पड बसते आणि आरोपी घडाघडा बोलू लागतो. लोकप्रिय झाली ती थप्पड.

मग नगरमध्ये एसीपी का नाहीत?

कारण ‘एसीपी’ म्हणजे सहायक पोलीस आयुक्त. हे पद पोलीस आयुक्तालयात असतं. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत आयुक्तालय आहे. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्याचे पोलीसप्रमुख पोलीस अधीक्षक, म्हणजेच एसपी असतात. एसीपींच्या बरोबरीचे अधिकारी इथे ‘उपविभागीय पोलीस अधिकारी’ किंवा डीवायएसपी म्हणून ओळखले जातात. संगमनेर, शिर्डी, श्रीरामपूर, शेवगाव, कर्जत अशा उपविभागांत ते दिसतील.

आणि सीआयडी? राज्याचा गुन्हे अन्वेषण विभाग खराखुरा आहे. त्याचं मुख्यालय पुण्यात आहे. पण खून झाला की लगेच ही टीम गाडीतून उतरत नाही. सरकारने, पोलीस महासंचालकांनी किंवा न्यायालयाने सोपवलेले तपास या विभागाकडे जातात. एरवी गुन्ह्याचा तपास संबंधित पोलीस ठाणं करतं आणि मोठ्या गुन्ह्यात स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे ‘एलसीबी’ उतरते. नगरच्या बातम्यांत ‘एलसीबीची कारवाई’ हे शब्द वारंवार येतात, ते यामुळेच.

दरवाजा तोडता येतो का?

येतो, पण थेट लाथ मारून नाही. १ जुलै २०२४ पासून देशात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) लागू आहे. तिच्या कलम ४४ नुसार पोलिसांनी आधी आपण कोण आहोत आणि कशासाठी आलो आहोत हे सांगायचं, आत येऊ देण्याची मागणी करायची. तरीही दार उघडलं नाही, तरच ते तोडता येतं.

झडतीचेही नियम आहेत. कलम १०३ नुसार त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हजर हवेत. घरमालकाला झडतीच्या वेळी थांबता येतं आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागता येते. महिलेची झडती महिलाच घेऊ शकते. नव्या संहितेच्या कलम १०५ ने आणखी एक बदल केला आहे: झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे आणि ते मोबाइलवरही करता येतं.

डॉ. साळुंखे एकटे सगळं करू शकतात का?

मालिकेत नरेंद्र गुप्ता यांनी साकारलेले डॉ. साळुंखे शवविच्छेदन करतात, रक्त तपासतात, विष ओळखतात, ठसे जुळवतात आणि एसीपींशी वादही घालतात. प्रत्यक्षात ही अनेक माणसांची कामं आहेत.

शवविच्छेदन सरकारी रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी करतात. विषबाधेचा संशय असेल तर ‘व्हिसेरा’ राखून ठेवतात. तो सीलबंद करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. राज्यात या प्रयोगशाळेचं मुख्यालय मुंबईत कलिना इथे आहे आणि नाशिक, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावातला नमुना आधी गाडीने दुसऱ्या जिल्ह्यात पोचतो. वाटेत तो कोणाच्या हातात होता, सील शाबूत होतं का, याची नोंद ठेवावी लागते. ती साखळी तुटली, तर चांगला पुरावाही न्यायालयात टिकणं अवघड जातं.

इथेही कायदा बदलला आहे. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावे गोळा करावेत, असं बीएनएसएसचं कलम १७६(३) सांगतं. त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे.

आरोपीने कबुली दिली, म्हणजे केस संपली?

मालिकेतला सर्वांत मोठा गैरसमज हाच. शेवटच्या पाच मिनिटांत आरोपी सगळी कहाणी सांगतो, एसीपी फाशीची खात्री देतात आणि भाग संपतो.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या कायद्यातही हेच होतं. मारहाण करून कबुली घेतली जाऊ नये, हा त्यामागचा विचार. पोलिसांच्या ताब्यातल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून हत्यार किंवा मुद्देमाल सापडला, तर माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. बाकी कबुली नोंदवायची असेल तर ती दंडाधिकाऱ्यांपुढे, स्वेच्छेने दिलेली हवी. थप्पड मारून कबुली घेणं तर स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० मध्ये त्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि दुखापत गंभीर असेल तर त्याहून जास्त.

राहिली फाशी. ती पोलीस देत नाहीत. सत्र न्यायालयाने सुनावली, तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय तिची अंमलबजावणी होत नाही.

एकाच महिन्यातले दोन निकाल

हा फरक किती मोठा आहे, हे नगर जिल्ह्याने नोव्हेंबर २०१७ मध्ये पाहिलं.

कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत जुलै २०१६ मध्ये अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. राज्यभर मोर्चे निघाले. विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांनी काम पाहिलं. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. घटनेपासून शिक्षेपर्यंत सोळा महिने लागले आणि आपल्याकडे हा वेग चांगला मानला गेला.

त्याच महिन्यात खर्डा प्रकरणाचाही निकाल लागला. जामखेड तालुक्यातल्या खर्डा इथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित तरुणाची हत्या झाली होती. तो शाळकरी वयाचा होता. या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले, म्हणजे आधी दिलेल्या जबाबापासून फिरले. सर्व आरोपी निर्दोष सुटले. तरुण गेला, खटला चालला, पण दोष कोणावरच सिद्ध झाला नाही.

साक्षीदार टिकवण्याचा हा भाग मालिकेत कधी दिसत नाही, कारण मालिका अटकेवर थांबते. गावात राहणाऱ्या साक्षीदाराला मात्र जबाब दिल्यानंतरही कित्येक वर्षं त्याच लोकांत राहायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. आता बीएनएसएसच्या कलम ३९८ नुसार प्रत्येक राज्याने अशी योजना अधिसूचित करणं अपेक्षित आहे. धमकी येत असेल, तर साक्षीदाराला संरक्षणासाठी अर्ज करता येतो.

तुमच्यावर वेळ आली तर हे लक्षात ठेवा

• गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद जवळच्या ठाण्यात देता येते. तिला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. फिर्यादीला किंवा पीडिताला एफआयआरची प्रत मोफत मिळते.

• अटकेची कारणं सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अटक झालेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं.

• साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल, तर महिला, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे ज्येष्ठ, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्तींना ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. स्वतःहून यायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

• साधारणतः सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अपवादात्मक स्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

• पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. पुढे न्यायालयात त्याबद्दलच विचारलं जातं.

• तातडीच्या मदतीसाठी आता ११२ क्रमांक आहे. ‘एक शून्य शून्य’च्या काळात तो १०० होता.