कागजीपुऱ्याला गाडी थांबते तेव्हा

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून उभी आहेत. संभाजीनगरच्या जाणत्या गाइडचा अख्खा दिवस या एका गोष्टीवर बेतलेला असतो. सकाळी लेण्यांच्या आत काळोख असतो आणि दुपार कलली की ऊन थेट गाभाऱ्यापर्यंत जातं. म्हणून सकाळच्या गारव्यात देवगिरीचा किल्ला चढायचा, मधला वेळ गावांना द्यायचा आणि तीनच्या सुमाराला कैलासापाशी पोहोचायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण शहरातून सुटणाऱ्या बहुतेक गाड्या आधी वेरूळ उरकतात, परतताना खालूनच किल्ला दाखवतात आणि उरलेला वेळ शोरूममध्ये घालवतात.

ज्या गाइडसोबत मी दिवसभर हिंडलो, ते दोन दशकांहून अधिक काळ हे काम करत आहेत. गळ्यात परवान्याचं ओळखपत्र, खांद्यावरच्या पिशवीत बॅटरी, पाण्याची बाटली आणि प्लॅस्टिकच्या कव्हरमधला जुना नकाशा. ड्रायव्हरपासून तिकीट खिडकीपर्यंत सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात. त्या दिवशीची पार्टी म्हणजे हॉलंडहून आलेलं एक वयस्क जोडपं. बुकिंग ‘एलोरा फुल डे, प्रायव्हेट’ असं होतं. छावणी ओलांडेपर्यंत सर इतिहासाबद्दल काहीच बोलले नाहीत. गुडघे कसे आहेत, उंचीची भीती वाटते का, तुमच्याकडे शेतात काय पिकतं, एवढंच विचारत राहिले. नंतर मला म्हणाले, “पहिल्या अर्ध्या तासात आपण ऐकायचं. पाहुण्याला काय दिसतं ते कळल्याशिवाय त्याला काय दाखवायचं ते ठरत नाही.”

शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर दौलताबाद. यादवांचा देवगिरी तो हाच. सपाट मुलखातून आलेल्या त्या दोघांना सरांनी आधी तटबंदी दाखवली नाही, डोंगराचा तासलेला कडा दाखवला. पायथ्यापासून वर वरवंट्यासारखा गुळगुळीत करून ठेवलेला उभा खडक, भोवती खंदक आणि आत शिरायला एकच अरुंद वाट. तोफा नंतर आल्या. किल्ल्याचं खरं हत्यार म्हणजे हा कोरलेला डोंगर. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा रामदेवरायाला शरण जावं लागलं. वेढ्यात उघडलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, ही गोष्ट सरांनी सांगितली आणि तिच्याआधी न चुकता ‘असं सांगतात’ हे शब्द घातले. दंतकथा आणि नोंद यांच्यातली रेघ ते दिवसभर कुठेही पुसू देत नव्हते. गाइडच्या कामात मला याचंच मोल सर्वांत जास्त वाटतं.

मग अंधारी. डोंगराच्या पोटातून वर जाणारा हा बोगदा म्हणजे शत्रूला चकवण्यासाठी केलेली रचना. आत वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली ओल, आणि एकसारख्या उंचीची पायरी सापडत नाही. सरांनी दोघांचे हात भिंतीला लावले, पूर्वसूचना दिली आणि बॅटरी बंद केली. कुणीच काही बोललं नाही. त्या गडद काळोखात आपलं पुढचं पाऊल कुठे पडेल हे खरंच कळत नाही, आणि कळत नाही म्हणूनच किल्ला कळतो. बॅटरी पुन्हा लागल्यावर त्यांनी वळण कुठे फसवतं, वाटेत धूर कसा कोंडला जायचा, चुकलेला माणूस खंदकात कसा पडायचा, हे एकेका वाक्यात सांगितलं.

किल्ल्याबाहेर रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या होत्या. पुढे रस्ता जुन्या वेशीतून जातो. ड्रायव्हरने आरशातून पाहत सांगितलं, “सर, आगे गेट जाम है.” सरांनी मागे वळून पाहुण्यांना विचारलं, “पाच मिनिटं आहेत, सीताफळ खाल्लंय कधी?” खोळंबलेली वाहतूकही त्या दिवसाच्या आखणीत बसली.

खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा लागतो. या रस्त्याने जाणाऱ्या शेकडो गाड्या इथे वेगही कमी करत नाहीत. सरांची गाडी थांबते. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. त्या काळात आलेल्या कारागिरांपासून इथल्या हातकागदाची परंपरा सांगितली जाते. गावाचं नावच या धंद्यावरून पडलेलं. कामाच्या जागी सर बाजूला उभे राहिले आणि पुढचा बराच वेळ कारागीरच बोलला.

सुती चिंध्या भिजवून, कुटून केलेला लगदा हौदात पाण्यात तरंगत होता. कारागीर साचा दोन्ही हातांनी तिरपा बुडवून आडवा वर उचलतो. पाणी गळत असताना तो साच्याला पुढे-मागे आणि आजूबाजूला असा हलका हिसका देतो. त्या हिसक्यात तंतू एकमेकांत गुंततात. तो चुकला तर कागद एका कडेला जाड आणि दुसरीकडे विरळ होतो. मग साचा कापडावर उलटा टेकवायचा, एका कडेने उचलायचा, आणि ओला, थरथरता ताव मागे राहतो. असे थर एकावर एक रचून दाबायचे, पाणी काढायचं, एकेक ताव सोडवून वाळवायचा. पूर्वी वाळलेला कागद गुळगुळीत दगडाने घोटत. घोटीव कागदावर बोरू अडत नाही, शाई पसरत नाही. पोथ्या आणि दफ्तरं त्यावरच टिकली. हॉलंडच्या बाईंनी एक ताव उचलून पाहिला. त्यांचा हिसका कमी पडला, मधे भोक राहिलं, आणि कारागिराने तो लगदा परत हौदात सोडून दिला. वाया काहीच जात नाही.

त्यांच्या यजमानांनी मग आपल्याकडचं सांगितलं. ॲमस्टरडॅमजवळ वेस्टझान गावात ‘डे स्कूलमीस्टर’ नावाची १६९२ सालची पवनचक्की आहे. वाऱ्याच्या बळावर कागद करणारी जगातली ती शेवटची गिरणी, आणि तिथेही चिंध्याच कुटतात. शेजारच्या झानसे स्कान्सला १९६१ पासून जुनी लाकडी घरं आणि चक्क्या आणून वसवल्या. आज ॲमस्टरडॅमहून निघणाऱ्या गावोगावच्या सहलींत हे ठिकाण हमखास असतं. चक्की फिरताना पाहायला माणसं येतात, आणि त्यांच्या येण्यावर चक्कीचा खर्च निघतो. आपल्याकडे कारागिरी तिच्या मूळ गावात, मूळ रस्त्यावर उभी आहे. ती उचलून कुठे आणायचीही गरज नाही. फक्त गाडी थांबायला हवी. एवढंही आपल्याला जमत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खुलताबादेत सर औरंगजेबाच्या कबरीपाशी अगदी थोडं बोलले. १७०७ मध्ये अहिल्यानगरला मृत्यू, गुरुस्थानी मानलेल्या झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात दफन, वर छत नाही, संगमरवरी जाळी नंतरची, कर्झनच्या काळातली. “पाहुणा कुठलाही असो, इथलं वाक्य मी बदलत नाही,” एवढंच ते मला म्हणाले. मात्र मलिक अंबरच्या कबरीकडे त्यांनी मुद्दाम गाडी वळवली. हबश देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा निझामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तिला पाणी मिळावं म्हणून नहर बांधली. खडकी म्हणजेच आजचं संभाजीनगर. शहराचा हा वसवणारा १६२६ मध्ये गेला, आणि त्याच्या घुमटापाशी आमच्याखेरीज कुणी नव्हतं.

घाट उतरून वेरूळ. जेवण गावातल्याच खानावळीत: पिठलं, भाकरी, ठेचा. सर शक्यतो इथेच जेवायला थांबतात, कारण पैसे गावात राहतात. गावातच मालोजीराजांच्या गढीचे अवशेष आहेत. भोसल्यांकडे वेरूळची पाटीलकी होती. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं घृष्णेश्वराचं लाल दगडी मंदिरही इथलंच. ही दोन्ही ठिकाणं पायी होतात.

लेणी चौतीस: बारा बौद्ध, सतरा हिंदू, पाच जैन. एका दुपारी सगळी होत नाहीत, आणि ‘सगळी दाखवतो’ म्हणणारा गाइड एकही दाखवत नाही. सरांनी बत्तिसावं, दहावं आणि शेवटी सोळावं, म्हणजे कैलास, घेतलं. कैलासाच्या दारातून आत न नेता ते आधी बाजूच्या चढाने वर घेऊन गेले. वरून शिखर पायाखाली दिसतं, भोवतीचा खोल कापलेला खड्डा दिसतो, आणि राष्ट्रकूट कृष्ण पहिल्याच्या काळात, आठव्या शतकात, हे काम कळसापासून पायाकडे कसं उतरत गेलं ते न सांगता समजतं. खाली आल्यावर त्यांनी रावणानुग्रहाच्या शिल्पाआधी अंगणाच्या कडेची उभी भिंत दाखवली. तिथे छिन्नीचे तिरपे घाव अजून जसेच्या तसे आहेत. बाईंनी विचारलं, कारागिरांची नावं माहीत आहेत का? सर म्हणाले, “नाही. पण सकाळी ज्याचा हात तुम्ही पाहिलात, त्याचं नाव मी तुम्हाला सांगू शकतो.” कागजीपुऱ्याचा थांबा त्यांनी सकाळीच का घेतला होता, ते मला तेव्हा उमगलं.

वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. परवानाधारक गाइड घ्या, आणि ठरवतानाच त्याला विचारा की कागजीपुऱ्याला थांबणार का. जाण्याआधी काम चालू आहे की नाही याची चौकशी करा, कारागिराला त्याचा वेळ द्या, आणि निघताना कागदाचे दोन ताव तरी विकत घ्या.