संगणकावरील फसवे संदेश : निदान आणि परिवर्जन

सोलापुरातील आपल्या चिकित्सालयांतील संगणकांत रुग्णांचे इतिवृत्त साठविलेले असते. ते परहस्ते जाणे हा रुग्णाच्या विश्वासावरील आघातच होय. पडद्यावर वारंवार उमटणाऱ्या जाहिरातवजा संदेशांचे मूळ बहुधा एखाद्या संकेतस्थळास अनवधानाने दिलेल्या ‘अलाउ’ या अनुमतीत असते. क्रोमच्या सेटिंग्जमधील ‘नोटिफिकेशन्स’ या सदरात जाऊन ती अनुमती काढून घ्यावी. हेच येथील निदानपरिवर्जन.

‘फ्लॅश प्लेअर अद्ययावत करा’ हा संदेश खोटाच समजावा. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० नंतर त्याचे अद्ययावतीकरण बंद केले आहे. विंडोजचे अद्ययावतीकरण त्याच्याच सेटिंग्जमधून करावे, संदेशातील दुव्यावरून कदापि नव्हे. फसवणुकीने द्रव्यहानी झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.