आंतड्यास छिद्र पडणें

मनुष्याच्या पोटांत सुमारें वीस फूट लहान आंतडें आणि पांच फूट मोठें आंतडें वेटोळीं घालून राहिलेलें असतें. या नळीच्या आंत अर्धवट पचलेलें अन्न, पाचक रस व असंख्य जंतु असतात. बाहेरून तिला उदरावरण नांवाचा अत्यंत नाजूक पडदा वेढून असतो. मधली भिंत शाबूत आहे तोंपर्यंत हे जंतु आपणांस अपकार करीत नाहींत. परंतु तींत मोहरीएवढें जरी छिद्र पडलें, तरी आंतील मळ उदरावरणावर पसरतो आणि कांहीं तासांतच प्राणावर बेततें.

हें छिद्र पडतें कशानें? सुरी किंवा बैलाचें शिंग लागल्यानें तें पडतें. क्षयरोगानें व आंतड्यांतील व्रणानेंहि पडतें. आपल्या देशांत विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें कारण म्हणजे विषमज्वर, ज्यास लोक टायफॉइड म्हणतात. त्याचे जंतु लहान आंतड्याच्या शेवटल्या भागांतील ग्रंथींत ठाण मांडतात, तेथें व्रण होतात, आणि बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास एखादा व्रण आरपार जातो. रोगी आतां सुधारेल अशी घरच्यांस आशा वाटूं लागावी, तोंच हा घाला पडावा!

दुसरें कारण आंत्रपुच्छाचें. गेल्या पावसाळ्यांत आमच्या वसतिगृहांतील एका मुलाचें पोट बेंबीभोंवतीं दुखूं लागलें. ओकारी झाली, मग दुखणें खालीं उजव्या कुशीकडे सरकलें. आम्हीं पोट शेकविलें; एरंडेलाची बाटलीहि काढून ठेविली. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं तो एकाएकीं म्हणाला, "गुरुजी, आतां बरें वाटतें." आम्हीं निश्चिंत झालों. तीन तासांनीं पाहतों तों पोट फळीसारखें ताठ, नाडी जलद, अंगास दरदरून घाम. पोटास कोणास हात लावूं देईना. फुगलेलें आंत्रपुच्छ फुटलें होतें, म्हणून त्यांतील ताण तेवढा गेला होता. एरंडेल पाजलें नाहीं हें त्याचें भाग्य. अशा वेळीं रेचक देणें किंवा पोट चोळणें म्हणजे फुटण्यास हातभार लावणेंच होय. हें आम्हांस नंतर कळलें.

या रोगापुढें राजाचीहि प्रतिष्ठा चालत नाहीं. इंग्लंडचा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक ता. २६ जून १९०२ रोजीं व्हावयाचा होता; परंतु आंत्रपुच्छाभोंवतीं पू झाल्यामुळें २४ जून रोजीं फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या शस्त्रवैद्यानें पोट उघडून तो काढला, आणि समारंभ ९ ऑगस्टपर्यंत लांबला. याच ट्रीव्ह्जची कन्या १९०० सालीं आंत्रपुच्छ फुटून दगावली होती.

आतां उपचार. प्रथम तोंडानें कांहींहि देत नाहींत, पाणीसुद्धां नाहीं. शिरेंतून क्षारजल व जंतुनाशक औषधें सोडतात आणि नाकांतून जठरांत नळी घालून आंतील द्रव ओढून घेतात. रोग्यास उभा करून क्ष-किरणांनीं छायाचित्र घेतल्यास पुष्कळदां श्वासपटलाखालीं निसटलेल्या वायूची कोर दिसते. तशी न दिसल्यास सीटी स्कॅन करितात. मग भूल देऊन शस्त्रक्रिया. छिद्र लहान व कडा निरोगी असल्या तर टांके पुरतात. भाग सडला असल्यास तो कापून टोकें जोडतात. आंत्रपुच्छ बहुधा काढूनच टाकतात. त्यानंतर पोटांत पसरलेला मळ व पू शोषून काढून आंतील भाग धुतात.

रोगी फार क्षीण असला तर आंतड्याचें टोक पोटाच्या त्वचेवर आणून ठेवितात व मळ पिशवींत जमा होतो. बहुधा कांहीं महिन्यांनीं तें पुन्हां आंत जोडतां येतें. ही पिशवी पाहून नाक मुरडणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. तिच्यामुळें कितीजण जगले हें त्यांनीं एकदां इस्पितळांत जाऊन पाहावें.

आमच्या विद्यार्थ्यास पिशवी लागली नाहीं. पंधराव्या दिवशीं तो परतला. जड ओझें न उचलण्याची ताकीद होती, म्हणून त्याची ट्रंक वर्गबंधूंनीं माडीवर चढविली.